नदी ओलांडण्याचे दर

नऊ वाजेपर्यंत नदी ऐकून घेते.
मग वर हिमनदीवर ऊन चढतं
आणि दुपारी ती कुणाच्या बापाला जुमानत नाही.
म्हणून आम्ही स्वानेतीतले घोडेवाले
उजाडायच्या आत काठावर:
मी, गुरामी, तारखानचा अबोल पोरगा,
हात चोळत, पाहुण्यांची वाट बघत.

माणशी वीस लारी.
पलीकडे जायला तीन मिनिटं.
बूट गळ्यात, पाय आखडून वर,
मधोमध आले की ओरडतात सगळे,
भाषा ज्याची त्याची, किंकाळी एकच.
उतरल्यावर लुर्जाच्या मानेला मिठी मारतात
(माझ्या नाही)
आणि खिंडीकडे चढू लागतात
दोन्ही हातांत काठ्या टेकत.
चार पायांनीच जायचं
तर घोडा काय वाईट होता?

"किती भाग्यवान तुम्ही," म्हणतात जाताना.
असेन.
ती खिंड मी पुष्कळदा चढलोय:
हरवलेल्या कालवडीमागे,
वीज पडून मेलेल्या तीन मेंढ्या आणायला,
धुक्यात चुकलेल्या एका म्हाताऱ्याला
पाठुंगळी घेऊन यायला.
रिकाम्या हातांनी, कधी नाही.

यंदा सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी
मक्वालाने आठ खाटांच्या चादरी धुऊन वाळत टाकल्या,
दारावरची पाटी उलटी केली
आणि म्हणाली, "चल. सुट्टीवर."
"कुठे?"
"ते जातात तिथे."

फडक्यात दोन कुब्दारी, हाताला चटका देणाऱ्या,
आतल्या मांसाचा रस कडेने सुटलेला.
काचेच्या बरणीत दही.
आणि पुडीत तिचं मीठ:
लसूण, निळी मेथी, धणे, मिरची,
वाळवलेल्या झेंडूच्या पाकळ्या, सगळं खलबत्त्यात कुटलेलं.
पाहुण्यांना पाच लारीला पुडी.
घरच्या बटाट्यावर टाकताना
ती चिमटीतलं अर्धं परत डब्यात झटकते.

लुर्जाला पलीकडच्या काठावर चरायला सोडलं.
चढ आम्हाला जड गेला.
मक्वाला गुडघ्यांवर हात ठेवून थांबली,
म्हणाली, "हे लोक पैसे देऊन करतात?"
नंतर बोललीच नाही, वरपर्यंत.

वर वारा.
बर्फाचं मला काय नवल,
पण खाली आमचं गाव,
मनोरे काड्यापेट्यांएवढे,
आणि दोरीवर पांढरे ठिपके.
मक्वाला मोजत राहिली.
"सातच दिसतायत."
पुन्हा मोजल्या. सातच.

पलीकडच्या उतारावरून एक मुलगी आली, एकटीच,
नाक उन्हाने सोललेलं.
मोडक्यातोडक्या भाषेत विचारलं, कुठून आलात तुम्ही?
मी तोंड उघडायच्या आत
मक्वालाने हात हवेत लांबवर फिरवला:
"लांबून."
अर्धी कुब्दारी तिला दिली,
मीठ इतकं भुरभुरलं की पोरीला ठसका लागला,
तरी बोटं चाटत बसली.
तिने घोड्याचा भाव विचारला.
"उद्या," मी म्हटलं. "आज बंद."

उतरेपर्यंत दुपार कलली होती.
दुपारनंतर नदीत घोडा घालायचा नाही,
हा नियम माझाच, बावीस वर्षांचा.
सप्टेंबरचं पाणी, म्हणून बरं;
तरी लुर्जाच्या पोटाला लागलं.
मक्वाला मागे, माझ्या कमरेला घट्ट धरून.
मधोमध आलो.
कानाशी विचारलं तिने,
"इथेच ना ओरडायचं?"
"इथेच."

ओरडली.
लुर्जाने कान मागे पाडले,
काठावर गुरामी होता तो उठून उभा राहिला,
आणि मी, जिच्याशी एकतीस वर्षं संसार केला,
तिचा आवाज कुठवर जातो हे
त्या डोंगरावरून परत येताना ऐकलं.

पलीकडे उतरली,
लुर्जाच्या मानेला मिठी मारली,
ओला घागरा पिळता पिळता म्हणाली, "किती झाले?"
"दोघांचे चाळीस."
"मिठाचे पाच वळते कर,"
आणि दोरीकडे निघाली,
आठवी चादर शोधायला.
गोठ्यात गाय केव्हाची हंबरत होती.